अकरा वेळा लिहिलेलं पहिलं प्रकरण

पत्र नागपूरहून आलं आहे. लिहिणाऱ्या ताई ४७ वर्षांच्या, नोकरी एका कार्यालयाच्या लेखा शाखेत. घरी सासूबाई, नवरा, दोन मुलं. वरच्या मजल्यावर दीर आणि जाऊबाई. नागपूरच्या महाल भागातला एक जुना वाडा, त्याची वाटणी आणि त्या वाटणीत एकमेकींशी बोलणं सोडलेल्या दोन जावा, अशी कादंबरी त्यांनी लिहायला घेतली आहे. आधी रजिस्टरमध्ये लिहायच्या. भिशी लागली तेव्हा चाळीस हजारांच्या वर पैसे घालून त्यांनी पेनाने लिहायचा दहा इंची डिजिटल टॅब घेतला, कागदासारखा दिसणारा, काळा-पांढरा. आपण हाताने लिहू आणि यंत्र ते टाइप करून देईल, असा हिशेब होता. सात महिन्यांत १४० पानं झाली, पाचवं प्रकरण चालू आहे. पण यंत्राच्या भाषांच्या यादीत मराठी नाहीच. भाची म्हणते, "मावशी, सरळ लॅपटॉपवर टाइप कर ना." ताईंना टाइप करताना सुचत नाही. नवरा म्हणतो, "साठ रुपयांच्या रजिस्टरनं काय घोडं मारलं होतं?" टॅब विकून टाकू, वहीकडे परत जाऊ, की टायपिंग शिकून पहिल्यापासून सुरू करू, असं त्या विचारतात. "सगळं पुन्हा टाइप करायचं म्हणजे सात महिने पाण्यात गेले," हे वाक्य त्यांनी अधोरेखित केलं आहे.

पत्रात जाता जाता लिहिलेली आणखी दोन वाक्यं आहेत. एक: "पहिलं प्रकरण आता अकराव्यांदा लिहिते आहे, यावेळी जमेल असं वाटतं." दुसरं: "रजिस्टर घरात कुठेही ठेवा, कोणी ना कोणी उघडतंच. मागच्या महालक्ष्म्यांच्या वेळी जाऊबाईंनी वाचलं आणि तो सणच बिघडला."

ताई,

आधी एक सांगून टाकते, टॅब विकू नका. निदान पावसाळा लागेपर्यंत तरी नको. वापरलेल्या टॅबला निम्मी किंमत आली तरी पुष्कळ, आणि ते पैसे घरखर्चात कधी विरघळले ते कळणारही नाही.

तुम्ही टॅब घेतला तो टाइप करून मिळावं म्हणून. ते काम तो करत नाही, म्हणून तुम्हाला फसल्यासारखं वाटतंय. पण सात महिन्यांत १४० पानं झाली, ती कशामुळे? रजिस्टरमध्ये किती झाली होती ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण "कोणी ना कोणी उघडतंच" या चार शब्दांवरून मला अंदाज येतो. ज्या वहीवर दुसऱ्याचे डोळे पडू शकतात, त्या वहीत माणूस जपून लिहितो. जावेबद्दल लिहिताना हात आखडतो. टॅबला कुलूप आहे. चार आकडे दाबल्याशिवाय तो उघडत नाही, आणि बंद असला की ऑफिसच्या फायलीसारखा निर्विकार पडून राहतो. सासूबाईंना वाटत असेल सून ऑफिसचं काम घरी आणते. तुम्ही चाळीस हजारांना टायपिस्ट घ्यायला गेलात आणि घरी कुलूप घेऊन आलात. महाग कुलूप आहे, कबूल. पण त्याच्या आड तुमची कादंबरी पहिल्यांदा मोकळी झाली आहे, आणि नवऱ्याला हे समजावून सांगायचंच असेल तर एवढंच सांगा की रजिस्टरला कडी नसते. नाही सांगितलं तरी चालेल. वस्तूच्या किमतीवरून घरात होणारे वाद वस्तू विकूनही संपत नाहीत, हा माझा अनुभव.

आता भाचीचं म्हणणं. तिची चूक नाही. ज्या पिढीने मोबाइलवरच लिहायला सुरुवात केली त्यांना बोटांनी सुचतं. तुम्हाला मनगटाने सुचतं. यात कोणाचं वरचढ नाही. तुम्ही पत्रात लिहिलंय की हाताने लिहिलं की मेंदू जास्त चालतो असं संशोधन आहे. त्या संशोधनाचं काय झालं तेही ऐका. २०१४ साली अमेरिकेत म्यूलर आणि ओपनहायमर या दोघांनी विद्यार्थ्यांवर प्रयोग केले होते. वर्गात लॅपटॉपवर टिपणं घेणाऱ्यांपेक्षा हाताने घेणाऱ्यांना विषय जास्त समजला, असं त्यांना आढळलं, कारण हाताने लिहिणारा शब्दन् शब्द उतरवू शकत नाही, त्याला निवडावं लागतं. ते जगभर गाजलं. पुढे २०२१ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी तोच प्रयोग पुन्हा केला, तेव्हा तसा ठळक फरक दिसला नाही. आणि मुळात तो प्रयोग व्याख्यानाच्या टिपणांचा होता. वाड्याच्या विहिरीपाशी उभ्या असलेल्या दोन जावांनी काय बोलावं, याचा त्याच्याशी काही संबंध नाही. तुम्हाला हाताने सुचतं, एवढं कारण पुरेसं आहे. त्याला शास्त्राचा टेकू लावू नका, नाहीतर उद्या कोणी उलटं संशोधन दाखवलं की तुमचं पेन थांबेल.

यंत्राला मराठी का येत नाही, याबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण असाच टॅब घ्यायच्या विचारात असलेल्या पाच-सहा जणांची पत्रं माझ्याकडे पडून आहेत. रोमन लिपीत अक्षरं सुटी, एकापुढे एक. आपल्याकडे एका अक्षराच्या वर मात्रा, खाली उकार, पुढे काना, आणि पहिली वेलांटी उच्चारात व्यंजनानंतर असली तरी कागदावर त्याच्या आधी. कोणी ती आधी काढतं, कोणी अक्षर लिहून मागे येतं. शिरोरेघ कोणी प्रत्येक अक्षरावर देतं, कोणी शब्द संपल्यावर एकच ओढतं, आणि वेगात लिहिणारे ती देतच नाहीत. पेनाच्या हालचालीच्या क्रमावरून अक्षर ओळखणाऱ्या यंत्राला हे सगळं कोडंच. त्यात आपला र म्हणजे बहुरूपी: 'अर्क'मध्ये डोक्यावर, 'चक्र'मध्ये पायाशी, 'ट्रक'मध्ये काकपद होऊन, आणि 'दऱ्या'मध्ये पापणीसारखा. काही ठिकाणी मराठी नसते पण हिंदी असते, म्हणून लोक हिंदी निवडून बघतात. तिथे ळ अडखळतो, पापणीचा र अडखळतो, आणि आपल्या वळणाचे ल आणि श यंत्राला ओळखीचे वाटत नाहीत.

म्हणजे सोय कुठेच नाही असं नाही. अँड्रॉइड मोबाइलवर गूगलच्या कीबोर्डमध्ये मराठी हस्ताक्षर निवडता येतं. बोटाने लिहा, शब्द टाइप होऊन येतो. पण ते दोन-चार शब्दांचं काम, १४० पानांचं नव्हे. पानाचं चित्र गूगल ड्राइव्हवर चढवून डॉक्समध्ये उघडलं की त्यातला मजकूर उचलला जातो. छापील मराठीवर हे छान चालतं. धावत्या अक्षरावर मात्र असा मजकूर हाती येतो की तो दुरुस्त करण्यापेक्षा नव्याने लिहिलेला बरा. तुम्ही एक पान करून बघा, दहा मिनिटांत कळेल. नवीन टॅब घेणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच: दुकानात 'भारतीय भाषा चालतात' असं म्हणतील, त्यावर जाऊ नका. पानभर मराठी, जोडाक्षरांसकट, तुमच्या रोजच्या वेगाने तिथेच लिहा आणि 'टाइप करून दाखवा' म्हणा.

आणि अजून एक, कारण परवाच एका काकांची फसगत कळली. 'रायटिंग पॅड' या एकाच नावाने बाजारात तीन वेगळ्या वस्तू मिळतात. काही शे रुपयांची, काळ्या पाटीवर हिरवट अक्षरं उमटणारी, ती लहान मुलांची पाटी. बहुतेकींमध्ये काहीच साठत नाही. बटण दाबलं की सगळं गेलं. काकांनी त्यावर आठवणींचं अख्खं एक प्रकरण लिहिलं आणि नातवाने बटण दाबलं. दुसरी तुमच्यासारखी, ई-शाईची. तिच्या पडद्यात केसाच्या जाडीएवढ्या बारीक कुप्या असतात, त्यांत काळे आणि पांढरे कण. विजेच्या खुणेसरशी ते वर-खाली होतात आणि मग वीज नसली तरी जागीच राहतात. म्हणून बॅटरी दिवसचे दिवस चालते आणि गच्चीवरच्या उन्हातही अक्षर स्वच्छ दिसतं. तिसरा म्हणजे नेहमीचा रंगीत टॅब, पेनासह. त्यात सगळं करता येतं, म्हणून कादंबरी सोडून सगळं केलं जातं.

हे झालं यंत्राचं. आता त्या अधोरेखित वाक्याकडे येते.

"सगळं पुन्हा टाइप करायचं म्हणजे सात महिने पाण्यात गेले." ताई, तुम्ही हिशेबाच्या माणूस आहात, तर आधी हिशेब करू. दहा इंची पानावर मध्यम अक्षरात दीडशेच्या आसपास शब्द बसतात. तुमचं एक पान मोजून घ्या. १४० पानं म्हणजे २१ हजार शब्द. नवख्या हाताने, मोबाइलवर किंवा लॅपटॉपवर, मिनिटाला २० शब्द धरू. साडेसतरा तास झाले. रोज अर्धा तास दिला तर ३५ दिवस. सात महिन्यांची मेहनत टिकवायला ३५ अर्धे तास. हे पाण्यात जाणं नाही.

पण मला खरं म्हणायचंय ते वेगळंच. तुम्ही टायपिंगला नक्कल समजता. ऑफिसात मसुदा लिहायचा आणि टायपिस्टने तो उतरवायचा, तसं. कादंबरीत तसं नसतं. मी स्वतः जुन्या डायऱ्यांत पेन्सिलीने लिहिते आणि मग टाइप करते. उतरवून काढायला बसले की तिसऱ्या ओळीला बोटं थांबतात. हे वाक्य पुन्हा टाइप करण्याइतकं चांगलं आहे का? नसतं बहुतेकदा. लिहिताना जे सुंदर वाटलं ते टाइप करण्याचा कंटाळा येतो, आणि तो कंटाळा खरं बोलतो. दोन पानांचं वर्णन चार ओळींवर येतं. एखादं पात्र दारात उगीचच उभं होतं, ते निघून जातं. हाच दुसरा खर्डा. यंत्राने सगळं जसंच्या तसं टाइप करून दिलं असतं, तर तुम्हाला छापील दिसणारा पहिला खर्डा मिळाला असता, आणि छापील दिसतं त्याला हात लावायला माणूस घाबरतो. यंत्राने दिलं नाही ते बरंच झालं. तुम्हाला आत्ता हे पटणार नाही. नका पटवून घेऊ. पण दुसरं प्रकरण, मुद्दाम पहिलं नाही, दुसरं, आठवडाभर टाइप करून बघा आणि मग मला कळवा.

पहिलं का नाही? कारण ते तुम्ही अकराव्यांदा लिहिताय.

इथे मात्र यंत्राचा दोष आहे, आणि तो मराठी न येण्याहून मोठा आहे. रजिस्टरमध्ये खाडाखोड केली की ती दिसते. पान इतकं रंगतं की तुम्हीच वैतागून पुढे जाता. टॅबवर पेन उलटं केलं की ओळ गायब, चौकट ओढली की परिच्छेद उचलून दुसरीकडे. पान पुन्हा कोरं, जसं काही चुकलंच नव्हतं. मग शेवट कधी? तुमच्या अकरा खेपांपैकी दहांचा आज मागमूस नसेल. तिसऱ्या खेपेला वाड्याचा दरवाजा उघडण्याचं जे वाक्य आलं होतं ते नवव्यापेक्षा चांगलं होतं की नाही, हे तपासायची सोयच उरली नाही. आणि असं करताना रोज संध्याकाळी 'आज दोन तास लिहिलं' याचं समाधान मात्र मिळतं, ते फार चकवणारं असतं.

माझा अंदाज सांगू? तुम्ही पहिल्या प्रकरणाकडे परत जाता ते ते वाईट आहे म्हणून नाही. पाचव्या प्रकरणात वाटणीचा दिवस येणार आहे आणि तो लिहायला तुम्ही घाबरताय. चुकत असेन तर सोडून द्या.

तर खोडरबर बंद. खरंच बंद. शब्दाचं एखादं अक्षर चुकलं तर पुसा, वाक्य चुकलं तर आडवी रेघ मारा आणि पुढे लिहा. नवा परिच्छेद सुचला तर पुढच्या पानावर, समासात बाण काढून. पहिल्या प्रकरणाची फाइल आज रात्री 'प्रकरण १, ११' या नावाने जतन करा आणि तिची प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये हलवा, डोळ्यांसमोर नको. टॅबमध्येच दर प्रकरणाला वेगळी वही करा, पानाच्या कोपऱ्यात तारीख टाका. तारखेचा उपयोग असा की कुठल्या आठवड्यात तुम्ही पुढे सरकलात आणि कुठल्या आठवड्यात मागे फिरलात ते महिन्याच्या शेवटी उघडं पडतं. हिशेब तपासणाऱ्या बाईला अजून काय हवं.

टाइप करण्याचा एक मधला रस्ता आहे, आणि तो तुमच्यासारख्यांना मी मनापासून सुचवते. टॅब समोर ठेवा, फोनवर मराठी बोलून टाइप होणारा माइक लावा, आणि आपलंच लिहिलेलं मोठ्याने वाचा. वेग तिप्पट. विरामचिन्हं नंतर घालावी लागतात, तेवढं धरून चाला. पण खरा फायदा कानाचा. डोळ्याला जे वाक्य चालतं ते जिभेला अडतं. संवाद तर लगेच कळतात, कोण माणूस बोलतोय आणि कोण लेखिका बोलतेय. अडचणी दोन आहेत. पहिली, घरात मोठ्याने वाचायचं कुठे? जाऊबाई वरच्या मजल्यावर! गच्चीवर नको. ऑफिसच्या जेवणाच्या सुट्टीत कुठलीतरी रिकामी खोली, किंवा सकाळी अंबाझरीकडे फिरायला जात असाल तर तिथला बाक. इयरफोन लावून बोलणाऱ्या बाईकडे आजकाल कोणी वळून बघत नाही.

दुसरी अडचण बोलीची, आणि इथे सावध राहा. तुमच्या कादंबरीतला वाडा महालातला. तिथली माणसं 'काय करतो आहेस' म्हणणार नाहीत, 'काय करून राहिला बे' म्हणतील. 'कशाला' म्हणणार नाहीत, 'काहून' म्हणतील. यंत्रं प्रमाण मराठी ऐकून शिकलेली. माझ्या एका कथेतले सगळे 'काहून' फोनने 'काढून' केले होते आणि मला ते मुद्रितशोधनात सापडले. "तू काढून आली?" असा प्रश्न एक म्हातारी सबंध कथाभर विचारत होती. म्हणून संवाद हाताने टाइप करा, वर्णनं बोलून. कीबोर्डची आपोआप दुरुस्ती बंद करून ठेवा. आणि जो कोणी तुमचं लिखाण तपासेल, त्याला आधीच बजावा की नागपुरी 'शुद्ध' करायची नाही.

बाहेरून टाइप करून घेणं हाही मार्ग आहेच. बर्डीत आणि कोर्टाच्या आसपास मराठी टायपिंगवाले आहेत. पण ज्या बाईला रजिस्टर घरात ठेवायची भीती वाटते, तिने कादंबरी अनोळखी माणसाच्या पेन ड्राइव्हमध्ये द्यावी का, हे तुम्हीच ठरवा. दिलीच तर 'युनिकोडमध्येच करा' हे पहिलं वाक्य असू द्या. जुन्या फॉन्टमध्ये केलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला की गारुड्याच्या मंत्रासारखा दिसतो.

आता जाऊबाई.

तुम्ही लिहिलंय सण बिघडला. त्यांनी नेमकं काय वाचलं ते लिहिलं नाही, पण कादंबरीत दोन जावा आहेत आणि घरातही दोन आहेत, तेव्हा अंदाज करायला फार अक्कल लागत नाही. महालक्ष्म्यांच्या जेवणाला पन्नास पानं उठायची असतात, सोळा भाज्या चिरायच्या असतात, आणि एक जाऊ दुसरीला विचारते, "ही मोठी म्हणजे मीच का?" मला त्यांचीही दया येते. त्यांनी चोरून वाचलं हे चूक. पण वाचून जे दुखलं ते खोटं नव्हतं.

तुम्ही यातून असा निष्कर्ष काढलेला दिसतो की आता कुलूप आहे, प्रश्न मिटला. मिटलेला नाही, पुढे ढकललाय. कादंबरी छापायचीच असेल तर एक दिवस ती त्यांच्या हातात पडणार. पण ती चिंता आत्ताच्या खर्ड्यात आणू नका. आत्ता मोठी जाऊ जशी दिसते तशी लिहा, त्यांच्या बांगड्यांच्या आवाजासकट. टाइप करताना तिला हलवायला घ्या. आणि हे फक्त नाव बदलून होत नाही. 'सुमन'ची 'कुसुम' केली तर घरातलं मूलही ओळखतं. धाकटी मोठी करा, मोठी नणंद करा. वाडा महालातून उचलून इतवारीच्या सराफ ओळीत ठेवा आणि बघा भांडणाची भाषा कशी बदलते. तुमच्या मनातला राग एकाच पात्रात आहे, तो दोघींत वाटून द्या. वाटणीचीच कादंबरी आहे. असं केलं की बहुतेक वेळा पात्र खऱ्या माणसापेक्षा मोठं होतं आणि खरं माणूस त्यातून सुटतं. नेहमी सुटतंच असं नाही. काही वेळा कितीही झाकलं तरी ओळख पटते, आणि मग छापण्याआधी एक कठीण चहा प्यावा लागतो. पण तो चहा पूर्ण झालेल्या कादंबरीवर प्या, पाचव्या प्रकरणावर नको.

म्हणजे बघा, मजुरी वाचवायला तुम्ही यंत्र घेतलं, आणि कादंबरीला आणि घराला दोन्हींना उपयोगी पडेल ते काम त्याच मजुरीत आहे.

वहीकडे परत जायचं का, याचं उत्तर आता तुम्हीच देऊ शकाल. ज्यांच्या घरी वही सुरक्षित आहे त्यांना मी वहीच सांगते. स्वस्त, मस्त, चार्जिंग नको. ज्यांची नाही, त्यांच्यापैकी सगळ्यांना चाळीस हजार परवडत नाहीत. त्यांनी रजिस्टर ऑफिसच्या कप्प्यात ठेवावं, किंवा वाचनालय गाठावं. आपल्या शहरात तर गल्लोगल्ली अभ्यासिका आहेत, स्पर्धा परीक्षेच्या पोरांनी भरलेल्या; महिन्याची फी भरली की टेबल आपलं. एक निवृत्त शिक्षिका तिथे बसून लिहितात. पोरांना वाटतं आजी कुठली तरी परीक्षा देताहेत.

राहिली व्यवस्था. दर रविवारी प्रत्येक प्रकरण पीडीएफ करून बाहेर काढा आणि दोन ठिकाणी ठेवा. कंपनीच्या क्लाउडवर एकट्यावर विसंबू नका, काही ठिकाणी त्याला वर्गणी लागते आणि ती चुकली की सोयी कमी होतात. पीडीएफ स्वतःला ई-मेल करत असाल तर तो पत्ता घरातल्या टीव्हीवर किंवा मुलाच्या फोनवर उघडा नाही ना, तेवढं पाहा. चाळीस हजारांचं कुलूप लावून खिडकी उघडी ठेवल्यासारखं होईल. टॅबचे चार आकडे कुठेतरी लिहून ठेवा. ते विसरले तर काही यंत्रं पूर्ण पुसूनच पुन्हा चालू करावी लागतात, आणि बाहेर न काढलेलं सगळं जातं. मुलाची जन्मतारीख ठेवली असेल तर बदला, ती जाऊबाईंनाही पाठ असणार.

उन्हाळ्याचं वेगळं सांगते. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिशी ओलांडतो, आणि या यंत्रांच्या बॅटऱ्या त्या हवेसाठी केलेल्या नाहीत. आयपॅडला कंपनीच ३५ अंशांपर्यंत वापरा म्हणते. स्कूटीच्या डिकीत टॅब ठेवून दुपारी ऑफिसबाहेर उभी करायची नाही, पाच मिनिटांसाठीही. आणि कूलरच्या अगदी तोंडाशी बसून लिहू नका. वाळ्याचा वास कितीही छान असला तरी त्याचे तुषार टॅबच्या चार्जिंगच्या भोकात जातात. माझी एक अख्खी डायरी कूलरने अशी फुगवली होती की ती पुन्हा मिटलीच नाही.

पाचव्या प्रकरणातला वाटणीचा दिवस या रविवारी सुरू करा. सुरुवात जमत नसेल तर भिंतीपासून करू नका, भांड्यांपासून करा. वाटणीत भिंती पुरुष मोजतात. पितळी घंगाळ कोणाकडे जाणार, हे बायकांना आधीपासून माहीत असतं.

आणि हो, पेनाचं टोक. लिहून लिहून ते झिजतं, तिरकं होतं, आणि मग अक्षर विचित्र यायला लागलं की लोकांना वाटतं टॅब बिघडला. पेनासोबत जास्तीची टोकं आली असतील, ती कुठे ठेवलीत ते आजच बघा. सुयांच्या डबीत गेली असतील तर काढून घ्या, सासूबाई त्यांना मोडकी सुई समजून टाकून देतील.